नेणाऱ्यांनी लिहिलेलं

मॉन्ट्रियल, ११ फेब्रुवारी २०२५

चि. चैत्राली,

माझा फोन तू दिवाळीपासून उचलत नाहीस. दर रविवारी गंधारच्या फोनवर श्रावणीशी अर्धा तास बोलतेस, आणि मी खोलीत आले की तुझा आवाज बदलतो. भावाच्या तोंडून आईला निरोप पाठवायचा हा प्रकार मला पसंत नाही. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र फाडून टाकता येतं, पण निदान ब्लॉक करता येत नाही.

तुझ्या निरोपाचं उत्तर असं. जूनमध्ये श्रावणीला कायमची तुझ्याकडे रेजिनाला पाठवणं मला योग्य वाटत नाही. तिचं फ्रेंच आता कुठे बसलं आहे. शाळेत मैत्रिणी झाल्या आहेत, रुचामामी शनिवारी तिला स्केटिंगला नेते, मामाच्या घरात तिची स्वतःची खोली आहे. राजकन्येसारखी राहते. आणि तुला वाईट वाटेल, पण खरं तेच सांगते. तिलाच यायचं नाही. मी विचारलं.

तू गंधारला म्हणालीस, आईने माझी मुलगी ठेवून घेतली. शब्द जपून वापर. आपल्याकडे मुलं आजोळी राहून शिकतात. तुझा अरविंदमामा सहा वर्षं अकोल्याला आजीकडे होता. त्याला कोणी ठेवून घेतलं असं माझ्या आईच्या मनातही आलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तुझ्या त्या बेसमेंटमध्ये मी काय पाहिलं, ते पुन्हा लिहीत नाही. घटस्फोटानंतर तू अंथरूण धरलं होतंस. सात वर्षांची मुलगी जेवण म्हणून कोरडं सिरियल खात होती. तू स्वतःच म्हणालीस, "घेऊन जा तिला." मी घेऊन आले. तू बरी होईपर्यंत, एक वर्ष, असं ठरलं होतं. दोन झाली. मोजता मलाही येतं.

तू बरी झालीस, युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात नोकरी लागली, याचा मला आनंद आहे. तसं मी गंधारमार्फत कळवलंही होतं.

श्रावणीला शाळेत एक प्रोजेक्ट मिळालं आहे. ज्याक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी पाचशे वर्षांपूर्वी इथे कसा आला, त्यावर मे महिन्यात तिला वर्गापुढे बोलायचं आहे. नागपुरात एकतीस वर्षं मी हाच धडा शिकवला. तेव्हा अभ्यासाची काळजी नको.

आई


२ मार्च

चि. चैत्राली,

तुझं पाकीट मिळालं. आत एक फोटो, दुसरं काही नाही. एक खोली, पलंगावर पिवळी रजई, खिडकीशी टेबल. मागे एक अक्षर नाही. याचा अर्थ काय घ्यायचा मला कळलं नाही.

कळला. पण लिहायला हवं होतंस.

फोटो मी श्रावणीला अजून दाखवलेला नाही. तिची परीक्षा आहे. म्हणजे परीक्षा नाही, त्यांच्याकडे या वयात तशी परीक्षा नसते. मी परीक्षा का लिहिलं कोण जाणे. खोडत नाही, शाईने लिहिलं आहे.

प्रोजेक्ट चांगलं चाललं आहे. जेवणाच्या टेबलावर भला मोठा कागद पसरलेला असतो, त्यामुळे आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवतो. गंधार कुरकुर करतो. मी तिला गोष्ट अशी सांगितली. सन पंधराशे चौतीस. कार्तिएची दोन जहाजं गास्पेच्या किनाऱ्याला लागली. त्याच्या लोकांनी तिथे तीस फूट उंच लाकडी क्रूस उभा केला. तिथल्या लोकांचा मुखिया डोनाकोना होडीतून आला आणि क्रूसाकडे बोट, मग आजूबाजूच्या जमिनीकडे बोट, असं करत बराच वेळ बोलला. त्याची भाषा कोणालाच येत नव्हती. फ्रेंचांनी त्याला कुऱ्हाड दाखवून जवळ बोलावलं, जहाजावर घेतलं, खाऊपिऊ घातलं, आणि खुणांनी सांगितलं की हा क्रूस नुसती खूण आहे, पुढच्या वेळी वाट सापडावी म्हणून. मग त्याच्या दोन मुलांना फ्रान्स दाखवायला बरोबर नेलं. त्यांना सदरे दिले, लाल टोप्या दिल्या, गळ्यात पितळी साखळ्या घातल्या. पुढच्या वर्षी दोघांना सुखरूप परत आणलं. मी म्हटलं, बघ, शब्द पाळला.

तिने विचारलं, "डिड दे वाँट टु गो, आजी?"

मी सांगितलं की मुलं खूश होती, असं लिहून ठेवलेलं आहे.

"हू रोट इट?"

मी म्हटलं, कार्तिएच्याच नावाने वृत्तान्त आहे, दुसरं कोण लिहिणार. ती 'ओके' म्हणाली आणि टोपीत लाल रंग भरू लागली. इथल्या मुलांचं हे 'ओके' मला समजत नाही. त्यात होकार असतो की नुसता संवाद बंद करायचा असतो, दोन वर्षांत मला ओळखता आलेलं नाही.

बर्फ अजून आहे. गंधारची पाठ दुखते तरी सकाळी दारापुढचा बर्फ तोच शोव्हल करतो. मला करू देत नाही.

आई


६ एप्रिल

चैत्राली,

मी एक चूक केली. आधी ती सांगते. प्रोजेक्टमधली आहे.

श्रावणीने लायब्ररीतून पुस्तक आणलं. मी पोळ्या लाटत होते. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, यू टोल्ड मी द राँग एंडिंग."

मी म्हटलं, इतिहासात माझी चूक काढायला अजून वेळ आहे तुला. तिने पुस्तक ओट्यावर ठेवलं, पिठात. तिथे जे लिहिलं होतं ते ती मला फ्रेंचमधून इंग्रजीत करून सांगत होती. मुलं परत आली हे खरं. पण पंधराशे छत्तीसच्या मे महिन्यात कार्तिएने त्याच दोन मुलांना पुन्हा पकडलं, आणि या वेळी डोनाकोनालाही. सगळे मिळून दहा जण. किनाऱ्यावरच्या लोकांना सांगितलं की वर्षभरात परत आणतो. त्या दहांपैकी एकही परत आला नाही.

आणि यापुढचं. पाच वर्षांनी कार्तिए परत आला तेव्हा लोकांनी विचारलं, आमची माणसं कुठे आहेत? तोपर्यंत एक मुलगी सोडून सगळी मेली होती. त्याने सांगितलं, मुखिया वारला. बाकीचे तिकडे मोठ्या सरदारांसारखे राहतात, लग्नं झाली आहेत, त्यांनाच परत यायचं नाही.

श्रावणीने हे वाक्य दोनदा वाचलं. "दे लाइड," म्हणाली.

माझी पोळी करपली. मी तव्याकडे बघत विचार करत होते की हे मला माहीत कसं नव्हतं. आमच्या पुस्तकात एवढंच होतं की कार्तिएने तीन सफरी केल्या. मुलं सुखरूप परत आली, बाप सुखावला, हे मी वर्गात नेहमी सांगायची. ते कुठे वाचलं होतं? वाचलं होतं का? की मुली गप्प बसून ऐकतात म्हणून गोष्टीला शेवट मीच लावून टाकला? आठवून पाहिलं, काही आठवत नाही. एकतीस वर्षांतल्या सगळ्या मुली धरल्या तर दीड-दोन हजार तरी होतील.

रुचा म्हणाली, "आई, तुम्ही एवढं का लावून घेताय? चौथीचं प्रोजेक्ट आहे."

जेवताना श्रावणीने मराठीत विचारलं. ती मराठीत बोलली की मला धडकी भरते, कारण मग ते कामाचं असतं. "आजी, आपण इकडे आलो तेव्हा मम्माला माहीत होतं?"

मी म्हटलं, होतं. तीच म्हणाली, घेऊन जा.

"पण मम्मा झोपली होती."

मी म्हटलं, आदल्या संध्याकाळी म्हणाली. मला ते आठवत नाही, असं ती इंग्रजीत म्हणाली आणि ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं.

तुला आठवतं का? लिहून कळव. मला ते नीट आठवत होतं, आता तसं राहिलेलं नाही.

आई


२० एप्रिल

चैत्राली,

तुझं उत्तर नाही. गेले दोन आठवडे मी तोच दिवस पुन्हा पुन्हा लावून पाहते आहे.

तो असा होता. संध्याकाळी मी तुला बरंच बोलले. तुला झेपत नसेल तर मी तिला घेऊन जाते, असं म्हणाले. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. तू काहीच बोलली नाहीस. रजई वर ओढून घेतलीस. मी ते हो धरलं.

सकाळी सहाला टॅक्सी आली. तुझं झोपेचं औषध चालू होतं. मी तुला उठवलं नाही. फ्रिजवर चिठ्ठी लावली, एक वर्ष म्हणून. श्रावणी दारात म्हणाली, मम्माला बाय करायचं आहे. मी म्हटलं, झोपू दे तिला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. गंधारला विमानतळावर सांगितलं की तूच म्हणालीस घेऊन जा, मग रुचाला सांगितलं, मग नागपूरला फोनवर सगळ्यांना. इतक्यांदा सांगितलं की ते वाक्य मला तुझ्या आवाजात ऐकू येऊ लागलं. खोटं बोलते आहे असं मला कधीही वाटलं नाही. हे समर्थन नाही. पण वाटलं नाही, हेही लिहिलं पाहिजे.

दुसरं. तिलाच यायचं नाही, मी विचारलं, असं मी फेब्रुवारीत लिहिलं. मी तसं विचारलं नव्हतं. मी म्हटलं होतं, इथे बरं वाटतं ना तुला? ती 'ओके' म्हणाली.

तिसरं सगळ्यांत वाईट आहे. पुढच्या वर्षासाठी शाळेचा फॉर्म आला होता, त्यावर आईची सही लागते. पहिली दोन वर्षं तुझ्याकडून सही करून मागवली. या वेळी मागितली असती तर तू दिली नसतीस. अकरा फेब्रुवारीला, तुला पहिलं पत्र टाकायच्या आधी, मी तुझ्या नावाची सही केली. मागच्या फॉर्मची झेरॉक्स समोर ठेवून. प्रगतिपुस्तकावर बापाची खोटी सही करणाऱ्या किती मुली मी पकडल्या असतील. अक्षर फार जपून काढलेलं असतं, त्यावरून ओळखू यायचं. माझंही तसंच आलं. शाळेत कोणी पाहिलं नाही.

त्या वेळी मला वाटलं, हा नुसता एक कागद आहे, जागा राखून ठेवण्यापुरता. तुझ्या मुलीच्या भल्यासाठी केलं असं मी आजही म्हणेन. मला खरंच माहीत नाही. त्या बेसमेंटमध्ये तिला ठेवून यायला हवं होतं का? तेही बरोबर नव्हतं. मग काय बरोबर होतं? एवढी शिकलेली बाई मी, आणि मला याचं एकही सरळ उत्तर देता येत नाही.

श्रावणीच्या वर्गाला शिकवणाऱ्या मादामने तिला सांगितलं आहे की भाषणात एक मुद्दा ठेवच. या प्रकरणातली सगळी कागदपत्रं नेणाऱ्यांनी लिहिलेली आहेत. ज्यांना नेलं आणि जे काठावर राहिले, त्यांचं काहीच हाती नाही. चौथीच्या मुलीने मला हे समजावून सांगितलं. मग मी खोलीत येऊन बसले आणि तुला लिहिलेली पत्रं मनात वाचली. तीही मीच लिहिली आहेत.

फोटो काल तिला दिला.

आई


१६ मे

चैत्राली,

तुझ्या फोननंतर मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. गंधारला वाटलं, बी. पी. वाढलं.

मी जे ऐकलं ते लिहून ठेवते. चुकलं असेल तर दुरुस्त कर. तू म्हणालीस, "आई, मी झोपले नव्हते. टॅक्सीचं दार ऐकलं. श्रावणी बाय करायचं म्हणाली तेही ऐकलं. मला उठता आलं नाही."

मी विचारलं, मग हाक का मारली नाहीस. तू म्हणालीस, माहीत नाही. नंतर म्हणालीस, "हे तिला मी सांगणार. तू सांगायचं नाहीस. आपल्या घरी आल्यावर, समोर बसून, मी सांगणार."

तेव्हापासून माझ्या डोक्यात सगळं उलटसुलट झालं आहे. तू जागी होतीस म्हणजे तुझी हरकत नव्हती का? की तू जागी होतीस म्हणूनच माझा गुन्हा मोठा? मला आधी सुटका झाल्यासारखं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. दोन वर्षं मी तुझ्या तोंडी एक वाक्य घातलं होतं आणि दोन वर्षं तू ते खोडलं नाहीस. तुला वाटत होतं का की ते खरंच असावं? याचं उत्तर देऊ नकोस. किंवा दे, पण मला नाही, तिला दे.

काल श्रावणीचं भाषण झालं. रुचा आणि मी गेलो होतो. सगळं फ्रेंचमध्ये, रुचा माझ्या कानात सांगत होती. तिने टोप्या आणि साखळ्या फार सुबक काढल्या होत्या. कागदाच्या उजव्या बाजूला एक चौकोन कोरा ठेवला होता. एका मुलाने विचारलं, रंगवायचं राहिलं का. ती म्हणाली, नाही, ही काठावरच्या लोकांची जागा आहे. मुलं हसली नाहीत. मला वाटलं होतं हसतील.

फोटो तिने पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवला, मग दोन दिवसांनी काढून दप्तरात ठेवला. याचा अर्थ काय, मला माहीत नाही. तो किती दिवस माझ्याकडे होता हे तिने विचारलं. मी खरं सांगितलं. सात आठवडे. तिने 'ओके' म्हटलं नाही.

मग माझ्याकडून आणखी एक चूक झाली. आज सकाळी मी तिला समोर बसवून विचारलं, स्पष्ट सांग, तुला कुठे राहायचं आहे? या वेळी नीट विचारायचं असं मी ठरवलं होतं. ती रडायला लागली. दोन वर्षांत प्रथम. "डोंट मेक मी से इट," एवढंच म्हणत राहिली. गंधार ऑफिसला निघाला होता, बूट काढून आत आला. मला म्हणाला, "आई, आधी विचारलं नाहीस, आता विचारतेस. ती नऊ वर्षांची आहे. हे ओझं तिच्यावर टाकू नकोस. ताई तिची आई आहे. ताई म्हणते तसं होईल, आणि त्याबद्दल चिडायचं असेल तर तिने तुझ्यावर चिडावं, माझ्यावर चिडावं." माझ्याशी तो असा कधी बोललेला नाही. बरोबर बोलला असं मला वाटतं. खात्री नाही.

तिला न विचारता आणलं. आता न विचारता पाठवायचं. यात फरक आहे ना? तू सांग.

आई


८ जून

चैत्राली,

शाळेत जाऊन आले. ऑफिसातल्या बाईंना सांगितलं की फॉर्मवरची सही मुलीच्या आईची नाही, मी केलेली आहे. त्यांना वाटलं मला इंग्रजी नीट येत नाही, म्हणून त्यांनी तीच गोष्ट मला दोनदा विचारली. मी दोनदा सांगितली. मग मुख्याध्यापिका आल्या. ही गंभीर बाब आहे, नोंद होईल, आम्हाला मुलीच्या आईशी बोलावं लागेल, असं म्हणाल्या. त्यांचा फोन तुला आला असेल. माझ्या शाळेत असं कोणी केलं असतं तर मी याहून जास्त बोलले असते. प्रवेश रद्द झाला आहे. शाळा बदलल्याचे कागद तुझ्या नावाने येतील, त्यावर तू सही करायची.

तिकिटं काढली. अठ्ठावीस जून, शनिवार, टोरोंटोमार्गे, रेजिनाला दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. मी तिच्याबरोबर आहे, कारण तिला एकटीला पाठवणार नाही. तुझ्या घरी उतरेन असं मी गृहीत धरलेलं नाही. तू म्हणालीस तर विमानतळावरूनच परत फिरेन, रविवारचं तिकीट मी घेऊन ठेवलं आहे. तू म्हणालीस तर बदलेन.

तिला सगळं सांगितलं आहे. कधी, कसं, किती वाजता. मैत्रिणींना तिने स्वतः सांगितलं. एक जण आमच्या दारात बसून रडली. श्रावणी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघत बसली. ती खूश आहे असं मी लिहिणार नाही. दुःखी आहे असंही नाही. आता मी तिच्याबद्दल असं काही लिहिणंच बंद करणार आहे. तुला दिसेल तेव्हा बघ.

फक्त कामाचं लिहिते. बूट आता चार नंबर. भात नुसता खात नाही, वरण आधी घालावं लागतं. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते, त्याला उद्धटपणा समजू नकोस. रागावली की फ्रेंच बोलते. तुझ्या आजाराबद्दल मी तिला काही सांगितलेलं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. फक्त तू बरी झालीस एवढं.

मला इथे काय करायचं ते सुचत नाही. खोलीत तिचा पलंग राहील. रुचा म्हणते, काढू नका, सुट्टीत येईल. सुट्टीचं तू ठरव.

या पाकिटात माझ्या कागदाबरोबर तिचा एक कागद आहे. मी वाचलेला नाही. ती टेबलाशी बसून हात आडवा धरून लिहीत होती, आणि मी बघते आहे हे दिसल्यावर तिने नवा कागद घेतला आणि सगळं पुन्हा फ्रेंचमध्ये लिहिलं. मी म्हटलं, अगं, तुझ्या आईला फ्रेंच कुठे येतं? "शी कॅन फाइंड आउट, आजी," म्हणाली. मग मला पेन खाली ठेवायला सांगितलं, पाकीट चिकटवायचं आहे म्हणून.

आई